हे शुद्धिपत्र चुकून घातलं आहे: ॲलस्डेर ग्रे समजून घेताना

जुन्या मराठी पुस्तकांत शुद्धिपत्र हमखास असायचं. पान अमुक, ओळ तमुक, एका रकान्यात ‘अशुद्ध’, शेजारी ‘शुद्ध’. 1983 साली स्कॉटलंडमध्ये निघालेल्या एका कथासंग्रहातही अशी एक सुटी चिठ्ठी घातलेली होती. वर ठसठशीत ‘शुद्धिपत्र’ आणि खाली एकच वाक्य: ‘ही चिठ्ठी चुकून घातली गेली आहे.’

आता काय करायचं? चिठ्ठी चुकून आली असेल, तर ती खरं बोलते आहे. खरं बोलत असेल, तर तिच्यात चूक काही नाही. मग ती इथे का? आणि ही करामत छापखान्याची नव्हती, खुद्द लेखकाची होती. लेखकाचं नाव ॲलस्डेर ग्रे, संग्रहाचं नाव ‘अनलाइकली स्टोरीज, मोस्टली’.

ग्रे अवघड आहे असं म्हणतात. मला त्याची भाषा अवघड वाटत नाही. वाक्यं साधी, कोरडी, मिस्कील असतात. अडचण वेगळीच आहे. त्याला कुठल्या कपाटात ठेवायचं ते कळत नाही. तो कादंबरीकार होता, भित्तिचित्रकार होता, नाटककार, कवी, राजकीय पत्रकं लिहिणारा आणि दान्तेच्या महाकाव्याचं रूपांतर करणाराही होता. एकेक गोष्ट वेगळी काढून बघितली की ती अर्धवट वाटते. म्हणून आधी एक किल्ली हातात घेऊ.

कुठल्याही मराठी पुस्तकाचं श्रेयनामावलीचं पान उघडा. मजकूर एकाचा, मुखपृष्ठ दुसऱ्याचं, आतली चित्रं तिसऱ्याची, अक्षरजुळणी चौथ्याची, मलपृष्ठावरचा मजकूर बहुधा संपादकाचा. ग्रेच्या पुस्तकांत यातलं जवळजवळ सगळं एकाच माणसाचं असतं. मुखपृष्ठ त्याचं, प्रत्येक भागापुढचं चित्र त्याचं, समासातल्या टिपा त्याच्या, कुठलं अक्षर किती मोठं हेही त्यानंच ठरवलेलं. कापडी बांधणीवर काय ठसा उमटवायचा, हेसुद्धा. त्याच्या दृष्टीनं पुस्तक ही एक घडवलेली वस्तू होती, सुताराला पेटी असते तशी. भिंत हे मोठं पान, आणि पान ही छोटी भिंत.

तो जन्मला 28 डिसेंबर 1934 रोजी, ग्लासगोच्या पूर्वेकडच्या रिड्री या वस्तीत. ही नगरपालिकेनं कामगारांसाठी बांधलेली घरं. वडील कारखान्यात खोकी बनवणाऱ्या यंत्रावर, पहिल्या महायुद्धात जखमी झालेले, विचारानं समाजवादी. मुलाला दमा आणि इसब, दोन्ही जन्मभर पुरले. शाळेपेक्षा रिड्रीचं सार्वजनिक वाचनालय त्याला जास्त मानवलं. 1952 ते 1957 तो ग्लासगो स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला. युद्धानंतर ब्रिटनमध्ये शिक्षण आणि औषधपाणी सरकारी खर्चानं मिळू लागलं नसतं तर आपलं काही झालं नसतं, असं तो नेहमी मानत आला. त्याचं राजकारण समजून घ्यायला एवढं पुरेसं आहे. ते पुस्तकातून आलेलं नव्हतं, घरातून आलेलं होतं.

आता ग्लासगोविषयी थोडं, कारण त्याशिवाय पुढचं काही लागत नाही. क्लाइड नदीकाठचं हे शहर एकेकाळी जहाजबांधणीच्या जोरावर साम्राज्यातलं दुसरं शहर म्हणून मिरवायचं. ग्रे तरुण होईपर्यंत तो डौल उतरणीला लागला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर नियोजनकारांनी जुन्या वस्त्या पाडायला घेतल्या, शहराच्या मधोमध महामार्ग घातला. पाडल्या त्या मुख्यतः दगडी, तीन-चार मजली, सामाईक जिन्याच्या भाड्याच्या इमारती. ग्लासगोकर त्यांना टेनमेंट म्हणतात. आपण चाळ म्हणू, पण चाळीची गॅलरी त्यांना नाही. शेजाऱ्याशी गाठ पडते ती जिन्यात.

अशाच एका वस्तीचं ग्रेनं 1964 साली मोठं तैलचित्र केलं: ‘काउकॅडन्स स्ट्रीटस्केप इन द फिफ्टीज’. म्हणजे दहा वर्षांपूर्वीचा काउकॅडन्स भाग. चित्रासमोर उभं राहिलं की आधी रस्ते खटकतात. ते सरळ जात नाहीत, दोन्ही बाजूंना वाकतात. एका जागी उभं राहून डोळ्यांना एवढा परिसर दिसणं शक्यच नाही. ग्रेनं वेगवेगळ्या जागांवरून केलेली रेखाटनं एका चौकटीत अशी शिवली आहेत की ओळखीच्या गल्लीतून चालताना आपण मान इकडेतिकडे वळवतो, तसं चित्रच मान वळवतं. कॅमेऱ्याला हे जमणार नाही. आठवणीला जमतं.

हे चित्र आधी बघितलं की त्याची सर्वात गाजलेली कादंबरी सोपी होते. तीही अशीच, वाकवून शिवलेली आहे.

‘लॅनार्क’ 1981 च्या फेब्रुवारीत एडिंबरोच्या कॅननगेट प्रकाशनानं काढली. ग्रे तेव्हा 46 वर्षांचा होता आणि लिहायला सुरुवात केली होती ती कलाशाळेत असताना. म्हणजे जवळपास पंचवीस वर्षं. पुस्तक उघडलं की पहिल्याच पानावर लिहिलेलं दिसतं: ‘पुस्तक तिसरे’. पहिल्यांदा वाटतं, बाइंडिंगवाल्यानं फॉर्म उलटसुलट शिवले. तसं काही नाही. कादंबरीच्या चार भागांचा क्रमच तीन, मग प्रस्तावना, मग एक, दोन आणि शेवटी चार असा आहे. उपसंहारही शेवटी येत नाही, शेवटच्या काही प्रकरणांच्या आधीच येतो. तो इतका महत्त्वाचा आहे की शेवटी ठेवून चालणार नाही, असं लेखकाचं म्हणणं.

या उलथापालथीच्या आत दोन गोष्टी आहेत.

एक गोष्ट डंकन थॉ नावाच्या मुलाची. ग्लासगोतला कामगारवर्गीय मुलगा, दमेकरी, अंगावर इसब, चित्रकलेचं वेड, मुलींपुढे जीभ टाळ्याला चिकटलेली. हा भाग अगदी वास्तववादी आहे आणि बराचसा ग्रेच्या स्वतःच्या आयुष्यातून उचललेला. थॉ एका चर्चच्या भिंतीवर सृष्टीच्या उत्पत्तीचं चित्र काढायला घेतो आणि ते काही केल्या संपवत नाही. रंगवायचं, पुसायचं, पुन्हा रंगवायचं. पैसे नाहीत, झोप नाही, हळूहळू डोकंही ठिकाणावर राहत नाही. शेवटी तो समुद्रात चालत जातो.

दुसरी गोष्ट लॅनार्कची. हा माणूस कसलीच आठवण नसलेल्या अवस्थेत रेल्वेनं अनथँक नावाच्या शहरात उतरतो. तिथे सूर्य जवळपास उगवतच नाही. माणसं अधूनमधून नाहीशी होतात. लोकांना विचित्र आजार होतात. लॅनार्कच्या हातावर कठीण, चकचकीत खवले येऊ लागतात. हा ‘ड्रॅगनहाइड’, म्हणजे कातडीचं कवच होत जाणं. ज्यांना आपली ऊब बाहेर देता येत नाही, त्यांना हा रोग. कवच पूर्ण झालं की आतली उष्णता कोंडते आणि माणूस फुटतो. पुढे लॅनार्क जमिनीखालच्या एका अवाढव्य संस्थेत पोचतो. तिथे रोग्यांवर उपचार होतात आणि जे बरे होत नाहीत, त्यांच्यापासून संस्थेसाठी इंधन आणि अन्न तयार होतं. हे सगळं लेखक कसलाही आरडाओरडा न करता सांगतो. कँटीनच्या मेन्यूबद्दल बोलावं तसं.

इथे थॉचं इसब आठवा. एका गोष्टीत जो त्वचारोग, तोच दुसरीत ड्रॅगनचं कवच. एकीतलं ग्लासगो तेच दुसरीतलं अनथँक, फक्त दिवे मालवलेलं. लॅनार्क हा थॉचाच मरणोत्तर अवतार आहे असं कादंबरी सुचवते. म्हणून तर लॅनार्कला त्याची मागची गोष्ट एक भविष्यवाणी करणारा आवाज सांगतो. आधी परिणाम आणि मग कारण, असा हा क्रम आहे. तिसऱ्या भागातला हतबुद्ध लॅनार्क आधी भेटल्यामुळे आपण थॉचं बालपण वेगळ्या नजरेनं वाचतो. प्रत्येक साध्या प्रसंगावर पुढच्या काळोखाची सावली पडलेली असते.

उपसंहारात लॅनार्क एका खोलीत जातो आणि तिथे त्याला खुद्द लेखक भेटतो. हा लेखक किंचित फुशारक्या मारणारा आहे, आणि स्वतःचंच पात्र समोर असूनही त्याला पुढचं नीट माहीत नाही. लॅनार्कला एक मुलगा आहे, हेही त्याला पात्राकडूनच कळतं! त्याच वेळी पानाच्या समासात ‘वाङ्‌मयचौर्याची सूची’ चालू असते: कोणत्या लेखकाचं काय कुठे उचललं, अकारविल्हे. चोरीचे तीन प्रकारही दिले आहेत. मी माझ्यापुरती त्यांची नावं पाडली आहेत: ठोकळाचोरी, म्हणजे मजकूर आहे तसा उचलणं, मिसळचोरी, म्हणजे आपल्या मजकुरात बेमालूम घालणं, आणि विरघळचोरी, म्हणजे नुसता वास राहील इतकं पातळ करणं. यातली खोडी अशी की सूचीतल्या काही नोंदी ज्या प्रकरणांकडे बोट दाखवतात, ती प्रकरणं कादंबरीत नाहीतच. समीक्षकांनी शोधायची उसाभर त्यानं आधीच करून ठेवली आणि वर त्यांना चकवाही दिला.

या कादंबरीतला एक परिच्छेद स्कॉटलंडमध्ये आता म्हणीसारखा झाला आहे. थॉचा मित्र म्हणतो, ग्लासगो किती भव्य शहर आहे, मग आपल्या ते लक्षात का येत नाही? थॉचं उत्तर थोडक्यात असं: फ्लॉरेन्स, पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क इथे पहिल्यांदा जाणारा माणूसही परका नसतो, कारण चित्रांतून, कादंबऱ्यांतून, सिनेमांतून तो तिथे आधीच राहून आलेला असतो. ज्या शहराला कलावंतानं हात लावला नाही, त्यात तिथले रहिवासीसुद्धा मनानं राहत नाहीत. त्यांच्यासाठी ते घर, कामाची जागा, फुटबॉलचं मैदान, चार दारूचे गुत्ते आणि मधले रस्ते एवढंच असतं.

माझ्या मते ग्रेचं सगळं काम या एका तक्रारीचं उत्तर आहे. कादंबरीत ग्लासगो लिहिलं, तेवढ्यानं भागेना म्हणून ते शहराच्या भिंतींवरही लिहिलं.

1977 साली त्याला नोकरीही अगदी याच कामाची मिळाली. ग्लासगो ग्रीनवरच्या पीपल्स पॅलेस या लोकजीवनाच्या संग्रहालयाच्या क्युरेटर एल्स्पेथ किंग यांनी त्याला ‘सिटी रेकॉर्डर’ म्हणून नेमलं. हुद्दा ऐकायला रुबाबदार, पगार रोजगार योजनेतून. काम एवढंच, की शहर आणि शहरातली माणसं नोंदवून ठेवायची. पूर्वेकडच्या वस्त्यांवर तेव्हा हातोडे पडत होते. ग्रेनं राजकारणी काढले, लेखक काढले आणि साधे कामगारही काढले, सगळे सारख्याच आदरानं. त्याची पद्धत ठरलेली असे. ठाम काळी रेषा, आत सपाट रंग, सावल्यांचा फाफटपसारा नाही. आणि माणूस ज्या खोलीत बसला आहे तिथल्या वस्तू माणसाइतक्याच बारकाईनं.

भिंतींचं नशीब मात्र पुस्तकांसारखं नसतं. ब्रिजटन भागातल्या ग्रीनहेड चर्चमध्ये तरुणपणी त्यानं वर्षानुवर्षं खपून सृष्टीच्या उत्पत्तीचं मोठं भित्तिचित्र केलं. थॉचं चित्र आलं ते इथूनच. पुढे चर्च पाडलं, त्याबरोबर चित्रही गेलं. अशी त्याची आणखीही कामं इमारतींसोबत गेली. कादंबरीतलं खोटं चित्र उरलं, खरं उरलं नाही.

उरलेल्यांपैकी तीन ग्लासगोच्या वेस्ट एंडमध्ये एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. ॲश्टन लेनमधल्या ‘युबिक्विटस चिप’ या उपाहारगृहाच्या भिंती त्यानं जेवणाच्या बदल्यात रंगवल्या. दोन्ही पक्षांनी हिशेब प्रामाणिकपणे ठेवला असावा, कारण चित्रं भरपूर आहेत. जवळच बायर्स रोडच्या टोकाला एक जुनं चर्च आहे. 2004 साली ते ‘ओरन मोर’ नावानं बार आणि नाट्यगृह होऊन उघडलं. गेलिक भाषेत या नावाचा अर्थ ‘महान संगीत’. त्याच्या उंच छतावर ग्रेनं सहकाऱ्यांसह गडद निळं तारांगण रंगवलं, राशींसकट. आदम आणि इव्ह आहेत, आणि वासे-तुळयांवरून मोठ्या अक्षरांत विचारलेले प्रश्न आहेत: आपण कुठून आलो, आपण काय आहोत, कुठे चाललो आहोत. खाली लोक बिअर पीत बसलेले असतात. ग्रेला ते आवडलं असणार. रिकाम्या चर्चपेक्षा भरलेला बार बरा.

तिसरं हिलहेड या भुयारी रेल्वे स्थानकात. ग्लासगोची भुयारी रेल्वे 1896 ची, 15 स्थानकांची, एका वर्तुळात फिरणारी. 2012 साली निकल व्हीटली या कलावंताच्या साथीनं ग्रेनं तिथे फरशांवर भित्तिचित्र केलं. मधोमध हिलहेड परिसर पक्ष्याच्या नजरेतून, घरन् घर आणि रस्ता न् रस्ता. शेजारी त्याच्या ठाशीव अक्षरांत चार ओळींची कविता. पोटासाठीच्या रोजच्या येण्याजाण्यात लहानपणीचं मोकळं, आशेचं मन हरवू देऊ नका, असा तिचा भाव. वरच्या रस्त्यावर काय आहे ते खाली फलाटाकडे जाताना बघायचं. थॉची तक्रार इथे अक्षरशः मिटवली आहे.

आता कादंबऱ्यांकडे परत. ‘1982, जॅनिन’ 1984 साली आली आणि ग्रे स्वतः तिला आपलं सर्वोत्तम पुस्तक मानायचा. एका छोट्या गावातल्या हॉटेलची खोली, एक रात्र, एक माणूस. जॉक मॅक्लीश हा सुरक्षा यंत्रणा बसवणाऱ्यांवरचा पर्यवेक्षक, पन्नाशीला टेकलेला, घटस्फोटित, दारुडा, राजकारणात उजवा. ग्रेच्या नेमका उलट. झोप येत नाही म्हणून तो डोक्यात अश्लील कल्पनाचित्रं रंगवत राहतो आणि मधूनमधून खऱ्या आठवणी त्यात घुसतात. पुष्कळ वाचक इथेच पुस्तक मिटतात आणि मी त्यांना दोष देत नाही. पण मिटलं नाही तर पुढे ती जागा येते, जिथे जॉक गोळ्यांची मूठ गिळतो आणि पानंच विस्कटतात. मजकुराचे वेगवेगळे पट्टे होतात. एक आवाज उभा, एक आडवा, एक उलटा, बारीकमोठ्या टाइपात. पुस्तक फिरवून फिरवून वाचावं लागतं. मग तो ओकतो आणि कोरी जागा येते. इथे मुद्रण हेच कथन झालं आहे. नुसता लेखक असता तर त्यानं ‘त्याच्या डोक्यात गलका झाला’ असं लिहिलं असतं.

‘पुअर थिंग्ज’ (1992) हे नाव आता सिनेमामुळे जास्त लोकांना माहीत आहे. यॉर्गोस लँथिमॉसनं 2023 मध्ये त्यावर चित्रपट केला, एमा स्टोनला त्यासाठी अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. पण पुस्तकाची खरी गंमत पडद्यावर आलीच नाही. कादंबरी म्हणजे तीन माणसांचं भांडण आहे. आधी आर्चिबाल्ड मॅकँडलेस हा डॉक्टर आठवणी सांगतो: आपल्या मित्रानं, गॉडविन बॅक्स्टरनं, क्लाइड नदीत बुडालेल्या गर्भवती बाईच्या शरीरात तिच्याच बाळाचा मेंदू बसवून तिला जिवंत केलं आणि तीच आपली बायको बेला. मग येतं त्या बायकोचं पत्र. ती म्हणते, नवऱ्यानं हे सगळं भयकथांतून उचलून रचलेलं आहे, मी साधीसुधी, शिकून डॉक्टर झालेली बाई आहे. आणि या दोघांच्या मागेपुढे संपादक म्हणून उभा असतो खुद्द ग्रे. हे कागद खरेच सापडले, असं तो गंभीर चेहऱ्यानं सांगतो आणि पुरावा म्हणून टिपांची चळत लावतो. आतली चित्रंही दुसऱ्याच कुणा जुन्या चित्रकाराच्या नावावर खपवतो. काढलेली अर्थात त्यानंच.

सिनेमात पत्र नाही, टिपा नाहीत आणि ग्लासगोही नाही. कथा लंडनला हलवली आहे. स्कॉटलंडमध्ये यावर बरीच नाराजी झाली. सिनेमा मला आवडला, पण नाराजी रास्त वाटते. एका बाईच्या आयुष्याची गोष्ट सांगायचा हक्क कुणाचा, हा तर पुस्तकाचा गाभा. बेला ही स्कॉटलंडचीही प्रतिमा आहे असं वाचणारे पुष्कळ आहेत. दुसऱ्यांनी घडवलेली, दुसऱ्यांनीच जिची कहाणी सांगितलेली. लंडनमध्ये ते सगळं गळून पडतं.

राजकारण त्यानं लपवलं नाही. 1992 मध्येच त्यानं स्कॉटलंडचं राज्य स्कॉट लोकांनी का करावं यावर पुस्तिका लिहिली. स्कॉटलंडनं ब्रिटनपासून स्वतंत्र व्हावं का, यावरच्या 2014 च्या सार्वमताआधी ‘संडे हेरल्ड’ या वृत्तपत्रानं स्वातंत्र्याच्या बाजूनं कौल दिला, तेव्हा त्या अंकाचं पहिलं पान ग्रेनं रेखाटलेलं होतं. सार्वमतात स्वातंत्र्याची बाजू 55 विरुद्ध 45 टक्क्यांनी हरली. इंग्लंडहून येणाऱ्यांबद्दलच्या त्याच्या एका निबंधावर खूप वादही झाला, आणि तो निबंध त्याच्या कादंबऱ्यांइतका सूक्ष्म नाही हे खरं. त्याच्या नावावर सर्वात जास्त सांगितलं जाणारं वाक्य एडिंबरोत स्कॉटिश संसदेच्या भिंतीवर कोरलं आहे: एका अधिक चांगल्या राष्ट्राच्या सुरुवातीच्या दिवसांत आपण जगतो आहोत असं समजून काम करा. ते मुळात डेनिस ली या कॅनडियन कवीवरून घेतलेलं आहे, हे ग्रे स्वतः सांगत असे. सूचीत नोंद करायची झाली तर मिसळचोरी.

2015 मध्ये पडून त्याच्या मणक्याला जबर इजा झाली. उरलेली वर्षं चाकाच्या खुर्चीत गेली. तरी दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’चं रूपांतर चालूच राहिलं. नरक 2018 मध्ये आला, पर्गेटरी, म्हणजे पापक्षालनाचा मधला लोक, 2019 मध्ये. 29 डिसेंबर 2019 रोजी, पंचाऐंशीव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी तो गेला. स्वर्ग 2020 मध्ये, त्याच्या मागून आला.

वाचायचं असेल तर ‘पुअर थिंग्ज’पासून सुरुवात करा, सिनेमा बघितला असला तरी, पत्र मात्र आधी चाळू नका. मग ‘लॅनार्क’, छापलेल्या क्रमानंच. ‘जॅनिन’ सर्वात शेवटी. ई-बुक टाळा, कारण समास, टाइप, चित्रांच्या जागा हे सगळं कागदावरच नीट बसतं. आणि त्या कथासंग्रहाची जुनी प्रत रद्दीवाल्याकडे कधी मिळालीच, तर पैसे देण्याआधी हलक्या हातानं झटकून बघा. चिठ्ठी सुटी असते, पडून हरवते.